पहिल्या पाण्याचा मान

सहादू भिंगारदिवे यांनी काम सोडणार असल्याचं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी त्याच खोलीत होतो. ते कुणीही ऐकलं नाही. मीही नाही.

जानेवारी १९९८ची गोष्ट. आमच्या उपसा सिंचन संस्थेची मासिक सभा चालू होती. जायकवाडी धरणाच्या फुगवट्यातलं पाणी मोटारींनी उचलायचं, टेकाडावरच्या हौदात आणायचं आणि तिथून जमिनीखालच्या पाइपांनी शेवगाव तालुक्यातल्या आमच्या गावाच्या रानांत सोडायचं, हे या संस्थेचं काम. मी नगरच्या तंत्रनिकेतनातून स्थापत्याचा डिप्लोमा करून तीन महिन्यांपूर्वी तिथे सुपरवायझर म्हणून लागलो होतो. सहादूबाबा दारात उभे राहिले, चपला बाहेर काढल्या आणि म्हणाले, "अण्णा, एकतीस मे माझा शेवटचा दिवस. त्याच्या पुढं मी येनार न्हाई. आधी सांगून ठिवतो."

चेअरमन रंगनाथअण्णा लोंढे वीजबिलाचा कागद बघत होते. "बरं बरं," ते म्हणाले, "चहा झालाय, घेऊन जा." आणि सभा पुढच्या विषयाकडे गेली. सेक्रेटरीने इतिवृत्तात वीजबिल लिहिलं, तुटलेल्या कुंपणाचं लिहिलं. सहादूबाबांचं काही लिहिलं नाही.

संस्थेच्या कागदांत त्यांचा हुद्दा 'पाणीवाटप मदतनीस' असा होता. मदत ते कुणाला करायचे हे मला कधी कळलं नाही, कारण पाणीवाटप करणारं दुसरं कुणी नव्हतंच. एकोणऐंशी साली पाइपलाइन पडली तेव्हा ते खड्डे खणायला मजूर म्हणून आले. ठेकेदार गेला, त्याच्याबरोबर नकाशाही गेला. जो एक नकाशा दप्तरात उरला त्यात लाइन जिथे दाखवली आहे तिथे प्रत्यक्षात मारुतीचं देऊळ आहे. त्यामुळे साडेपाच किलोमीटरच्या लाइनीवर सत्तेचाळीस व्हॉल, म्हणजे पाणी सोडायच्या-बंद करायच्या झडपा, नेमके कुठे आहेत हे ज्याने खड्डे खणले त्यालाच ठाऊक होतं. संस्थेने त्यांना ठेवून घेतलं.

खांद्यावर लांब लोखंडी चावी टाकून ते दिवसभर बांधाबांधाने फिरायचे. व्हॉलच्या दांडीला कान लावून आत पाणी चाललंय की नुसती हवा, हे सांगायचे. एकदा मी प्रेशर गेज लावून पडताळून पाहिलं. त्यांचं बरोबर निघालं. गेज मात्र बिघडलेला निघाला.

आणखी एक गोष्ट गावात कुणी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना माहीत होती. ज्या घरांच्या विहिरीवर सहादूबाबांच्या आईला कधी घागर भरू दिली नव्हती, त्याच घरांच्या रानात पाणी किती वाजता सुरू होणार आणि किती वाजता बंद होणार हे आता सहादूबाबा ठरवत. एकोणीस वर्षांत एकाही घराला त्यांनी पाच मिनिटं कमी दिली नाहीत. जास्तही दिली नाहीत. त्यावरून शिव्या त्यांना सगळ्यांनी सारख्याच घातल्या.

फेब्रुवारीच्या सभेत ते पुन्हा दारात उभे राहिले आणि तेच वाक्य बोलले. या वेळी अण्णांनी कागद खाली ठेवला.

ते गेल्यावर एक संचालक म्हणाले, "रुसलाय."

आमच्याकडे कामावरचा माणूस 'जातो' म्हणाला की तो रुसलाय असंच धरतात. मग चार मोठी माणसं त्याच्या घरी जातात, चहा पितात, चूक कुणाची ते काढतात, आणि दुसऱ्या दिवशी माणूस कामावर येतो. याला समजूत काढणं म्हणतात. खूपदा ते बरोबरही असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी अण्णा, दोन संचालक आणि मी, पेढ्यांचा पुडा घेऊन बौद्धवस्तीत सहादूबाबांच्या घरी गेलो.

त्यांच्या बायकोने, गीताबाईंनी, सतरंजी टाकली. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली आम्ही चौघं ओळीने बसलो.

"सहादू, कुनी काय बोललं का तुला?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई अण्णा."

"मग पगाराचं असंल. वाढवू आपन. तोंडानं बोलायचं की."

"पगाराचं न्हाई. वय झालं. अठ्ठावन्न पुरी हुत्यात. एकतीस मेला मी थांबनार."

"आरं, तुझ्याहून मी चार वर्सांनी मोठा हाय. मी थांबलोय का?"

चहा ओतता ओतता गीताबाई म्हणाल्या, "तुमी खुर्चीवर बसताय अण्णा. खुर्ची गुडघ्यावर येत न्हाई."

एक संचालक हसले आणि लगेच खोकले. सहादूबाबांनी बायकोकडे एकदा पाहिलं, पण तिला गप्प केलं नाही. मग त्यांनी शांतपणे पुन्हा तारीख सांगितली. पेढे खाऊन झाले. बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "लईच रुसलाय."

मार्चमध्ये रुसण्याचं कारणही तयार झालं. संस्थेची निवडणूक सहा महिन्यांवर होती. विरोधी पॅनेलने सहादूला फोडलंय, तो अण्णांना ऐन उन्हाळ्यात तोंडावर पाडणार, असं पारावर ठरलं. एकाने तर त्याला विरोधकांच्या जीपमध्ये बसलेलं पाहिलं होतं. ती जीप दवाखान्याची होती, आणि तिच्यातून गीताबाईंना दात काढायला नेलं होतं. पण अण्णांनी आठवडाभर सहादूबाबांशी बोलणं टाकलं. एकोणीस वर्षं रोज सकाळी 'काय सहादू' म्हणणारा माणूस मोटारसायकलवरून बघूनही न बघितल्यासारखं करून जाऊ लागला.

चूक मीही केली, आणि ती शिकल्या-सवरल्याची होती. मला वाटलं, माणूस जातोय तर माहिती वाचवली पाहिजे. मी एक तक्ता आखला. व्हॉल क्रमांक, ठिकाण, खोली, दिशा, स्थिती, शेरा. सत्तेचाळीस ओळी. तो घेऊन मी बांधावर त्यांच्यासमोर बसलो, पेन काढलं आणि म्हणालो, "सहादूबाबा, एकेक सांगत चला."

त्यांनी तक्ता हातात घेतला, उलटसुलट पाहिला.

"ह्यो कशाचा पंचनामा म्हनायचा?"

"पंचनामा नाही. तुमच्यानंतर अडचण नको म्हणून."

"माज्यानंतर," ते म्हणाले. "तुषार, मी तिसगावला चाललोय रं. मरायला न्हाई चाललो."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. मी तक्ता घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "तिसगावला काय आहे?" तीन महिन्यांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांची लेक जयमाला तिसगावला बालवाडीत शिकवायची. तिने आणि जावयाने तिथे दीड एकर कोरडवाहू रान घेतलं होतं. निव्वळ मुरमाड. सहादूबाबांना त्यात सीताफळं आणि बोरं लावायची होती.

"तिथं पाण्याचं कसं?"

"न्हाई पानी. म्हनून तर घेतलं," ते म्हणाले. "जन्मभर लोकांच्या रानात पानी सोडलं. स्वतःचं रान मिळालं तर बिनपान्याचं मिळालं. बरं झालं. पाळीची कटकट न्हाई." आणि ते मनापासून हसले. "पाय चालत्यात तवर खड्डे खनून घ्यायचेत. दोन वर्सांनी गेलो तर नुसता बसून सांगत बसंन, हितं खना, तितं खना. ते मला जमायचं न्हाई."

एप्रिलमध्ये त्या रानाच्या खरेदीखतासाठी ते दोन दिवसांची रजा घेऊन गेले. मला आठवतंय तेवढी ती त्यांची पहिलीच सलग रजा. नेमकी पाण्याची नवी पाळी त्याच सकाळी सुरू व्हायची होती. मोटारीवरचा ऑपरेटर आसाराम आणि मी, दोघांनी ती सुरू केली.

इथे एक रीत सांगायला हवी. टेकाडावरचा हौद ज्या जागेत आहे ती जागा अण्णांच्या वडिलांनी संस्थेला फुकट दिली. म्हणून पाळीचं पहिलं पाणी हौदाला लागून असलेल्या लोंढ्यांच्या रानात जायचं, मग उतरणीने पुढच्यांना. याला पहिल्या पाण्याचा मान म्हणत. सर्वांत शेवटी शेपटाकडची रानं. वरून सुरुवात, खाली शेवट. आम्ही अगदी तसंच केलं. सकाळी सहाला वीज आली, अण्णांच्या रानाचा व्हॉल उघडला, अण्णांच्या उसात पाणी गेलं. आठ वाजता पुढची लाइन सोडली, आणि वीस मिनिटांत अण्णांच्याच उसात पाइपचा जोड उडाला. पाणी दोन पुरुष उंच गेलं. ऊस आडवा झाला.

अण्णा आले. धोतराचा सोगा वर धरून चिखलात उभे राहिले आणि पहिलं वाक्य बोलले, "सहादूला बोलवा."

सहादूबाबा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. जोड पाहिला, पाइपात हात घातला, आणि आम्हाला विचारलं, "शेपटाचे व्हॉल उघडले हुते का?"

"ते शेवटी उघडायचे ना?" आसाराम म्हणाला.

"लाइन रिकामी असती तवा तिच्यात हवा असती. हवेला जायला वाट नको? शेपटाकडचे तीन व्हॉल आधी बोटभर ढिले करायचे. न्हाईतर कोंडलेली हवा धक्का मारती आनि जोड निसटतो."

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी हे शिकलो होतो. प्रश्नपत्रिकेत पाच गुणांना आलंही होतं. पण आमच्या लाइनीला ते लागू होतं हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"मग आजवर जोड कसा उडाला न्हाई?" अण्णांनी विचारलं.

उत्तर गीताबाईंनी दिलं. नवऱ्याची भाकरी घेऊन त्या बांधावर आल्या होत्या. "पाळीच्या दिवशी पहाटं तीनला उठून हे शेपटाला चालत जात्यात. तितले व्हॉल ढिले करत्यात. तसंच माघारी येत्यात आनि सहाला तुमच्या रानात पयलं पानी सोडत्यात. तुमचा मान ऱ्हावा म्हनून. एकोनीस वर्सं."

जाऊन-येऊन अकरा किलोमीटर. दर पाळीला. मी मनातल्या मनात गुणाकार सुरू केला आणि सोडून दिला.

"मला सांगायचं न्हाई का रं?" अण्णा म्हणाले.

"सांगितलं हुतं. चौऱ्याऐंशीला सभेत सांगितलं, अठ्ठ्याऐंशीला सांगितलं. शेपटाकडनं पाळी सुरू करू म्हनलो. तुमी म्हनला, मानाचा विषय हाय, ऱ्हाऊ दे." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तारखा मात्र पक्क्या होत्या.

अण्णा आडव्या उसातून वाट काढत घरी गेले. तिकडे संचालकांना एकदाची खात्री पटली होती की सहादू खरंच चाललाय, आणि त्यांनी जोरात तयारी सुरू केली. एकतीस मेला संध्याकाळी पाचला सत्कार. फेटा, शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. पत्रिकेचा मजकूर मला लिहायला सांगितला. 'सेवाभावी, कष्टाळू, निष्ठावंत' इथपर्यंत मी पोचलो आणि पुढचा शब्द सुचेना. मी ते अर्धवट पान घेऊन अण्णांच्या घरी गेलो.

"अण्णा, हे सगळं आपण ठरवतोय. त्यांना कसं जायचंय हे त्यांना कुणी विचारलंच नाही."

माझं वय बावीस. नोकरी सहा महिन्यांची. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता माझाही शेवटचा दिवस ठरणार. ते म्हणाले, "ते पान ठिवून जा."

दोन दिवसांनी सकाळी सहाला अण्णा हौदावर हजर होते. मोटारसायकल घरी ठेवलेली, हातात काठी. सहादूबाबांना म्हणाले, "चल. शेपटापातूर येतो तुझ्यासंगं."

"अण्णा, लांब हाय."

"किती लांब हाय तेच बघायचंय."

मी मागे मागे चाललो. पहिला किलोमीटर अण्णा बोलत होते, दुसऱ्यात ऐकत होते, तिसऱ्यापासून फक्त धापा टाकत होते. सहादूबाबा प्रत्येक व्हॉलपाशी थांबत आणि न विचारता सांगत. ह्यो डावीकडं फिरतो, उलटा बसवलाय. ह्याच्यावर बाभळ आली. हितं साप असतो, काही करत न्हाई. मी तक्ता नसलेल्या वहीत लिहीत होतो. या वेळी त्यांनी पंचनामा म्हटलं नाही, उलट मी मागे पडलो की थांबत होते.

शेपटाला गोरक्ष घुले यांचं रान. अण्णांना घामाघूम होऊन बांधावर येताना पाहून गोरक्षने कपाळावर हात धरला.

"अण्णा? पायी? इलेक्शन अलीकडं घेतली का काय?"

"चहा ठेव आधी, मग टोमणे मार," अण्णा म्हणाले आणि जमिनीवरच बसले.

चहा होईपर्यंत ते त्या रानाकडे बघत होते. गोरक्षचा कांदा वरच्या रानांपेक्षा वीतभर खुजा होता. पाळीचं पाणी त्याच्यापर्यंत सहाव्या दिवशी यायचं, आणि मध्ये वीज गेली तर यायचंच नाही. चेअरमन म्हणून पंधरा वर्षांत अण्णा तिथे दोनदा आले होते, दोन्ही वेळा जीपमधून, मतं मागायला. हे गोरक्षनेच मोजून सांगितलं.

कप खाली ठेवून अण्णा म्हणाले, "सहादू, तू चाललास. त्याला माझी ना न्हाई. आधीच ऐकायला पायजे हुतं, न्हाई ऐकलं. आता सांग. जाताना तुला काय पायजे?"

सहादूबाबांनी खांद्यावरची चावी उतरवून बांधावर ठेवली.

"घड्याळ नको, अण्णा. आमच्या घरी दोन हायत, दोन्ही येगळी टाईम दावत्यात." मग ते म्हणाले, "माज्या जागी जो येईल त्याला ती पहाटची चाल नको. पाळी हिकडनं सुरू हुऊ द्या, म्हंजी हवा आपसूक निघंल. आनि ते कागदावर यावं. तोंडी ऱ्हायलं तर पुढचा मानूस पुन्यांदा तीनला उठंल."

"आनि स्वतःसाठी?"

"हेच की."

गोरक्ष स्टोव्ह बंद करायचं विसरून उभा होता. अण्णा काठी टेकून उठले. "चल," ते म्हणाले, "परतीचं अंतर तेवढंच हाय ना?"

मेच्या सभेत अण्णांनी स्वतः उठून ठराव मांडला. पाण्याची पाळी यापुढे शेपटाकडून सुरू होईल. दुसरा ठराव असा की सहादू भिंगारदिवे एकतीस मे रोजी स्वेच्छेने निवृत्त होत आहेत, तोपर्यंत महिनाभर आसाराम त्यांच्यासोबत फिरेल, आणि त्या तारखेनंतर संस्थेच्या कामासाठी त्यांना बोलावलं जाणार नाही. हे शेवटचं वाक्य सेक्रेटरीला विचित्र वाटलं. त्याने पेन थांबवलं. "लिही," अण्णा म्हणाले.

"पन अण्णा, पहिल्या पाण्याचा मान?" रुसण्याचं निदान करणाऱ्या संचालकांनीच विचारलं. "तुमच्या वडिलांपासनं चालत आलाय."

"माझ्या बापानं रान दिलं त्याचा मान. रान अजून तिथंच हाय, हौद तिथंच हाय. पानी पाच दिवस उशिरा आलं म्हनून बाप माझा लहान हुत न्हाई." मग जरा हळू आवाजात, "ऊस जरा वाळंल. वाळू द्या."

सत्कार झाला नाही असं नाही. गावाला सत्काराशिवाय राहवत नाही. पण तो पाच वाजता हॉलमध्ये न होता दुपारी शेपटाला, गोरक्षच्या बांधावर झाला. नवी पाळी सुरू होऊन तीन दिवस झाले होते, आणि पहिलं पाणी गोरक्षच्या कांद्याने पिऊन संपवलं होतं. अण्णांनी फेटा बांधला. भाषण कुणी केलं नाही, कारण आसाराम मध्येच "व्हॉल बंद करायची येळ झाली" म्हणाला आणि सहादूबाबा फेट्यासकट उठून त्याच्यामागे गेले.

एक जूनच्या सकाळी अडचण आलीच. एकतिसावा व्हॉल सापडेना. वहीत लिहिलेलं होतं, 'लिंबापासून अकरा पावलं'. पण लिंब दोन होते, आणि पावलं सहादूबाबांची. आसाराम आणि मी गुडघाभर चिखलात पहारीने टोचत होतो. ज्यांचं पाणी खोळंबलं होतं ते सहा-सात शेतकरी बांधावर जमले. अण्णाही आले.

"सहादूचं घर हाकेवर हाय," एकजण म्हणाला. "बोलवा की. पाच मिन्टाचं काम."

"त्याच्याकडं कुनी जायचं न्हाई," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात रस्त्याने तेच येताना दिसले. धुतलेला सदरा, हातात रेक्झिनची बॅग, मागे गीताबाईंच्या डोक्यावर वळकटी. आमच्याकडे बघून त्यांचा पाय थांबला. आम्ही कुठे टोचतोय हे त्यांनी एका नजरेत पाहिलं आणि काय चुकतंय हे त्यांना कळलं, हे मला इतक्या लांबूनही दिसलं. त्यांनी बॅग खाली ठेवली.

बांधावरचे सगळे अण्णांकडे बघू लागले. अण्णा रस्त्यापर्यंत चालत गेले.

"कुठं निघालास?"

"तिसगावला. लेकीकडं."

"खड्डे किती खनायचेत?"

"दोनशे."

"मग एसटी चुकवू नको." अण्णांनी खाली वाकून बॅग उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

सहादूबाबांनी एकदा अण्णांच्या खांद्यावरून आमच्याकडे पाहिलं. गीताबाई पुढे चालायला लागल्या होत्या, त्या न वळता म्हणाल्या, "चला, ती पोरं शोधत्याल." मग तेही चालू लागले. वळणापर्यंत त्यांनी दोनदा मागे पाहिलं, तिसऱ्यांदा नाही.

अण्णा परत आले, चपला काढल्या आणि आमच्याबरोबर चिखलात उतरले. व्हॉल आम्हाला साडेअकराला सापडला, दुसऱ्या लिंबापासून, माझ्या पावलांनी तेरावर. तोवर एसटी अमरापूरच्या पुढे गेली असेल.